‘चूक दिसली की सांगायलाच हवी’ हे मला का पटत नाही

पोहणाऱ्यांमध्ये एक मत हातोहात फिरतं: तलावावर कुणाचं तंत्र चुकताना दिसलं, तर न विचारता सांगणं हे चांगल्या पोहणाऱ्याचं कर्तव्यच आहे. चूक डोळ्यांना दिसतेच, सल्ला फुकट असतो, समोरच्याचा खांदा वाचतो आणि राग आलाच तर तो त्याचा अहंकार. मी १५ वर्षं पोहते आहे. यातलं जवळजवळ काहीच मला मान्य नाही.

‘चूक डोळ्यांना दिसते.’ काठावरून दिसतो तो पाण्याबाहेरचा हात. माणूस पुढे सरकतो तो पाण्याखालच्या हाताने, आणि तो फेसातून धड दिसत नाही. अमेरिकन जलतरणपटू जेनेट एव्हान्स सरळ हात पवनचक्कीसारखे फिरवत पोहायची. ‘कोपर वाकव’ असं तिला कुणीही सांगितलं असतं. तिने १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्णपदकं मिळवली, आणि १५०० मीटर फ्रीस्टाइलमधला तिचा त्याच वर्षीचा विश्वविक्रम २००७पर्यंत टिकला. सगळ्यांनी तसं पोहावं असं मी म्हणत नाही. पण वरून बेढब दिसणारा हात खाली नेमकं काय करतोय, हे काठावरच्याला कळत नाही, एवढं नक्की.

शिवाय जे चुकीचं दिसतं तो कित्येकदा मुद्दाम केलेला सराव असतो. मी मुठी आवळून पोहत होते. तळवा मिटला की मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने पाणी पकडायची सवय लागते, म्हणून. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी मला थांबवलं आणि बोटं कशी ठेवायची ते दोरीवरून हात पुढे करून दाखवलं. त्यांचा हेतू चांगला होता. माझा सराव मात्र तिथेच तुटला.

‘सल्ला फुकट, नुकसान काही नाही.’ नुकसान होतं. ज्याचे पाय बुडतात त्याला सगळे एकच सांगतात: ‘पाय जोरात मारा.’ पण पुष्कळदा पाय बुडतात ते डोकं वर उचलल्यामुळे. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते. आता त्याने मांड्यांचे मोठे स्नायू जोरात चालवले की दम लागतो, आणि दम लागला की श्वासासाठी डोकं आणखी वर येतं. एका लॅपमध्ये तो आधीपेक्षा वाईट पोहू लागतो, आणि सल्ला देणारा तोवर आपल्या लेनमध्ये निघून गेलेला असतो.

‘समोरच्याचा खांदा वाचतो.’ यात तथ्य आहे. पुढे टाकलेला हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे पडत असेल, तर खांद्यावर ताण येतो. पण समोरच्या शरीराचं आपल्याला काय माहीत असतं? डोकं वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्या एका बाईंना मी स्वतःच एकदा म्हटलं होतं, ‘ताई, डोकं पाण्यात घाला, नाहीतर मान धरेल.’ त्या भिंतीला धरून थांबल्या, कानाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘पडद्याला भोक आहे. डॉक्टरांनी कानात पाणी जाऊ देऊ नका म्हटलंय.’ शेजारी दोन मुली ऐकत होत्या. स्वतःचं दुखणं त्यांना माझ्यासारख्या अनोळखी बाईला सांगावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

‘राग येतो तो अहंकार.’ हे ऐकून मला सगळ्यात जास्त चीड येते. पोहण्याच्या कपड्यांत, धापा टाकत भिंतीला टेकलेल्या बाईला कुणी म्हणतो, ‘मी मघापासून तुमच्याकडे बघतोय.’ तिला पुढचं तंत्राचं काही ऐकूच येत नाही. आपल्याकडे कुणीतरी टक लावून बघत होतं, तेवढंच मनात राहतं. दुसऱ्या दिवशी ती वेळ बदलते, नाहीतर येणंच सोडते.

जिवाचा प्रश्न असेल तिथे मात्र परवानगी मागत बसू नका. उथळ बाजूला कुणी सूर मारायला निघालं असेल, तर ओरडा. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून कुणी आधी भराभर खोल श्वास घेत असेल, तर तिथेच अडवा. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटायच्या आत शुद्ध हरपते, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, तो अजून पाण्याखाली पोहतोच आहे.