लाईट गेली तरी सेशन मरत नाही

दूरच्या मशीनचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणणारा रिमोट डेस्कटॉप का तुटतो, यावरच्या लेखात मी कीपअलाइव्हबद्दल, म्हणजे गप्प जोडणी जिवंत ठेवायला अधूनमधून पाठवलेल्या छोट्या संदेशाबद्दल, लिहिलं होतं. त्यावर तुम्ही निपाणीहून लिहिलंत: ‘कीपअलाइव्ह वगैरे पुस्तकी गोष्टी झाल्या. इथे लाईट जाते, राउटर बंद पडतो, रिमोट डेस्कटॉप तुटतो. लिनक्सच्या फायली चाळून काय होणार?’

लाईटीचं खरं आहे. मीही खानापुरातून टिळकवाडीतल्या ऑफिसच्या मशीनवर काम करतो आणि पावसाळ्यात तेच भोगतो. राउटर बंद पडला तर कीपअलाइव्ह काहीच करू शकत नाही, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

पण जोडणी तुटणं आणि सेशन, म्हणजे पलीकडे उघडलेलं तुमचं काम, मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सआरडीपीत, म्हणजे लिनक्सवरच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हरमध्ये, तुमचा डेस्कटॉप पलीकडच्या मशीनवर चालतो. सेसमन हा त्याचा सेशन सांभाळणारा भाग; त्याच्या सेटिंगमधलं ‘किलडिसकनेक्टेड’ (जोडणी तुटली की सेशन मारणं) मुळातच बंद असतं, म्हणून जोडणी गेली तरी उघडी फाईल तशीच राहते. लाईट आली की पुन्हा लॉगिन करा. फाईल दिसली, तर दोष फक्त लाईनचा. कोरा डेस्कटॉप आला, तर आधी क्लायंटमधली, म्हणजे तुमच्या बाजूच्या प्रोग्रॅममधली, कलर डेप्थ (रंगांसाठीचे बिट) बघा: आधी ३२ बिट आणि आता १६ असेल, तर सेसमन नवंच सेशन उघडतो. तसं नसेल, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा; मेमरी संपली की कर्नल प्रोग्रॅम मारतो.

कीपअलाइव्ह लागतो तो लाईट असताना. तुम्ही जेवायला उठता, जोडणी गप्प राहते, वाटेतला राउटर तिची नोंद पुसून टाकतो आणि ती तुटते. लिनक्सचा कर्नल मात्र पहिली चाचपणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल दोन तासांनी करतो. म्हणून मी एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या बोगद्यातून जातो आणि त्यातलं ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ६० ठेवतो, म्हणजे जोडणी गप्प असली तर ६० सेकंदांनीच चाचपणी होते. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायची गरजही उरत नाही, आणि तो उघडा ठेवूच नये.

माझं सेशन मध्यंतरी बरोबर वीस मिनिटांनी तुटायचं. पंधरा दिवस मी लाईनलाच दोष दिला. पण लाईन अशी घड्याळ लावून तुटत नाही. ऑफिसच्या मॉनिटरवर नोम या लिनक्स डेस्कटॉपची लॉगिन स्क्रीन रिकामी पडून होती. तिथे कोणी नाही म्हणून तीच अख्ख्या मशीनला झोपवत होती. आत मी काम करतोय, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘सस्पेंड’ टार्गेट मास्क केलं (झोपवणंच बंद केलं) आणि त्रास थांबला.

म्हणून पुढच्या वेळी तुटलं की वेळ लिहून ठेवा आणि सेसमनच्या लॉगमधल्या त्या मिनिटाच्या ओळी इथे टाका. तेव्हा लाईट होती की नव्हती, तेही लिहा. आपण मिळून बघू.