जी ते सी, मार्गे दादर

गिटारवर जी मेजर ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, मला उत्तम वाजवता येते आणि सी मेजरही तितकीच उत्तम येते, हे मी नम्रपणे नमूद करतो. माझी जी काही अपकीर्ती झाली आहे, ती या दोहोंच्या मधल्या शांततेत. ऐकणाऱ्याला वाटते, दाराची घंटा वाजली म्हणून वाजवणारा गृहस्थ उठून गेला असावा.

जी मेजरमध्ये मधले बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात), तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका थेट पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अशी मंडळी सुखाने बसलेली असतात. सीचा हुकूम सुटताच तिघांनाही बिऱ्हाड हलवावे लागते. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर चटकन पोहोचते, मधले बोट कुरकुरत का होईना चौथी तार गाठते; अनामिकेला मात्र पहिल्या तारेवरून पाचवीवर जायचे असते, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर. शिवाय निसर्गाने तिच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडून ठेवल्यामुळे तिला स्वतंत्रपणे काही करायचे म्हटले की शेजाऱ्यांची संमती लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मला शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा आहे. “काका, बोटं एवढी उंच उचलू नका, तुम्ही आरती ओवाळत नाही आहात,” असे तो अत्यंत आदराने सांगतो. त्यानेच दाखवले की सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलवायचे नसते, एकट्या अनामिकेने तिसऱ्या तारेवर उतरायचे असते. या एका बदलावर मी आठवडाभर स्वाभिमानाने जगलो. दरम्यान पोलादी तारांनी बोटांच्या टोकांना असे घट्टे पाडले की कार्यालयातील हजेरीचे यंत्र माझी डावी तर्जनी ओळखेनासे झाले.

पुढे त्याने एका मिनिटाचा व्यायाम दिला. घड्याळ लावायचे, जी आणि सी आलटून पालटून धरायच्या आणि मिनिटात किती बदल झाले ते मोजायचे. पहिल्या संध्याकाळी घड्याळ वाजले तेव्हा मी आकडा विसरलो होतो, पण पलीकडे कापूस घेऊन वाती वळत बसलेली आई म्हणाली, “अकरा.”

मी चकित होऊन पाहिले, तर तिच्या ताटलीत अकरा वाती ओळीने मांडलेल्या होत्या. “तू थांबतोस तेवढ्यात माझी एक होते,” तिने खुलासा केला. तेव्हापासून मी मोजणे तिच्यावर सोपवले. मी बदलतो, ती वळते आणि मिनिट संपले की आम्ही ताटली पाहतो. एफ मेजरचा दिवस तेवढा वेगळा असतो. त्यात तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या असल्याने मधली शांतता इतकी लांबते की आई कापूस खाली ठेवून पाणी पिऊन येते, आणि परत येते तेव्हाही मी दुसरी तार का वाजत नाही हे वाकून पाहत असतो.

तरीही तीन महिन्यांत आकडा हळूहळू चढला. गेल्या गुरुवारी अनामिका प्रथमच इतरांच्या बरोबरीने उतरली, जी आणि सी यांच्यामध्ये वाराही शिरणार नाही अशी गाडी धावू लागली आणि घड्याळ वाजताच मी विजयी मुद्रेने ताटलीकडे पाहिले. तीत बत्तीस वाती होत्या, पण आईचा चेहरा उतरला होता. तिने त्यातली एक उचलली, चिमटीत धरून दाखवली. वात मधोमध उलगडत होती.

“सैल झाल्या रे सगळ्या,” ती म्हणाली, “उद्यापासून जरा पहिल्यासारखं वाजव.”