‘फक्त सवय लागते’ म्हणे!

फिरत फिरत तो मेसेज शेवटी माझ्याकडेही आला. हिरव्या पानाचं चित्र आणि खाली मजकूर: "गांजा ही वनस्पती आहे, केमिकल नाही. त्याने आजवर एकही माणूस मेला नाही. त्याचं व्यसन लागत नाही, फक्त सवय लागते. टेन्शन-डिप्रेशनवर तो औषध आहे, म्हणून तर पुढारलेले देश त्याला कायदेशीर करताहेत. वेड लागतं ही निव्वळ भीती घालायची गोष्ट." पाठवणारा मुलगा हुशार आहे आणि वाचतोही. "असलं काही पाठवू नकोस" म्हणून त्याला गप्प करणं मला बरं वाटेना.

वनस्पतीचा मुद्दा पटकन संपतो. धोतराही वनस्पतीच आहे, तंबाखूही. शिवाय आज बाजारात फिरतो तो गांजा रानात आपोआप उगवलेला नसतो. नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ साली त्याचं प्रमाण सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. ही करामत निवडून निवडून वाण तयार करणाऱ्या माणसाची. निसर्गाला तिचं श्रेय कशाला?

‘एकही माणूस मेला नाही’ यात मात्र बरंच तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. टीएचसी मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या सीबी-१ नावाच्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटतं, ते श्वास चालवणाऱ्या भागात फार विरळ असतात. अफूपासून बनलेल्या पदार्थांचा डोस जास्त झाला की श्वास थांबतो, तसं गांजाने सहसा होत नाही. पण नशेत गाडी चालवणारा आणि त्याच्यासमोर आलेला या हिशेबात धरलेला नसतो. ‘गांजासारखंच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम रसायनांनी तर माणसं खरोखर मेली आहेत. आणि एखादी गोष्ट जीव घेत नाही एवढ्यावर तिला पास करायचं म्हणजे परीक्षा फारच सोपी झाली.

आता खरा वादाचा मुद्दा, ‘व्यसन नाही, सवय.’ अमेरिकेतल्या पाहणीवर आधारलेला १९९४ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो: गांजा कधीतरी ओढलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक पुढे त्यावर अवलंबून झाले. दारूसाठी हा आकडा १५ आणि तंबाखूसाठी ३२ होता. म्हणजे तुलना गांजाच्या बाजूने जाते, मी ती लपवत नाही. पण ९ म्हणजे शून्य नव्हे, आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांमध्ये प्रमाण साधारण सहात एक इतकं चढतं. गांजा सोडल्यावर होणाऱ्या त्रासाला मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ साली स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली. चिडचिड, बेचैनी, जेवणावरची वासना उडणं, झोप न लागणं, लागलीच तर विचित्र स्वप्नं. एकदोन दिवसांत हे सुरू होतं, पहिल्या आठवड्यात चांगलंच छळतं आणि दोनेक आठवडे, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतं.

नेमकी इथेच गफलत होते. रोज ओढणारा एक दिवस थांबतो, रात्रभर तळमळतो आणि म्हणतो, "बघा, माझं टेन्शन किती आहे! ओढला की लगेच शांत वाटतं." त्या शांततेतला मोठा भाग हा कालच्या नशेची उधारी फेडल्याचा दिलासा असतो. मूळची चिंता किती आणि गांजाने तयार केलेली किती, हे त्याला स्वतःला कळेनासं होतं, घरच्यांना तर नाहीच नाही. ‘औषध’ या शब्दाची अर्धी कमाई या गोंधळावर चालते.

उरलेली अर्धी खऱ्या औषधांच्या नावावर. ती आहेत. केमोथेरपीतल्या उलट्यांवर टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून मंजूर आहे, आणि अपस्माराच्या काही दुर्मीळ, चिवट प्रकारांवर सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या घटकाचं औषध २०१८ साली मंजूर झालं. सीबीडीने नशा चढत नाही. दोन्हींत डोस मोजलेला आणि आजार ठरलेला असतो. नैराश्यावर किंवा चिंतेवर अशी मंजुरी मिळालेली नाही. कुणाकडून तरी आणलेली पुडी त्या औषधांचं नाव लावून खपवणं ही चलाखी झाली.

वेडाचं काय? "एकदा ओढला की डोकं फिरतं" असं सांगणाऱ्यांनीही नुकसानच केलंय. मुलं आजूबाजूला बघतात, मित्र ठणठणीत दिसतो, मग पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. बहुतेकांना सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा विकार, होत नाही. पण स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ५० हून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार सहापट आढळला. हा अहवाल १९८७ चा. इतर कारणं हिशेबात धरल्यावर फरक कमी झाला, संपला नाही. युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांवरच्या २०१९ च्या अभ्यासात, जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली. आनुवंशिकतेचा वाटा यात आहेच. घरात कुणाला असा आजार असेल तर हा जुगार आणखी महाग पडतो.

कायदेशीर करण्याचा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. कॅनडाने २०१८ साली परवानगी दिली ती किमान वयाची अट घालून आणि वेष्टनावर आरोग्याचा इशारा सक्तीचा करून. निरुपद्रवी वस्तूला इशारा कशाला लागतो? ओढणाऱ्याला तुरुंगात टाकण्यापेक्षा उपचाराकडे वळवावं, हे मलाही पटतं. पण तो वेगळा वाद आहे.

त्या मुलाला मी एवढंच लिहिलं: सवयच असेल तर चार आठवडे थांबून बघ. रोजच्या वापराने कमी झालेले ते सीबी-१ ग्राही साधारण तेवढ्या काळात पूर्ववत होतात असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय. पहिला आठवडा वाईट जाईल, त्यावरून निकाल लावू नकोस. नाहीच जमलं तर समुपदेशनाचा उपयोग होतो. मात्र लोक आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटायला लागलं किंवा कुणी नसताना आवाज आले, तर चार आठवडे मोजत बसू नकोस, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. त्याचं उत्तर आलं, "दोन आठवडे चालतील का?" म्हटलं, सुरू तर कर.