पूलचा मास्तर शोधताना

नाशकात पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून कडेच्या पॉकेटांत घालायचा खेळ, खेळणाऱ्यांची कमी नाही. कॉलेज रोडला म्हणा, इंदिरानगरला म्हणा, संध्याकाळी टेबलासाठी ताटकळत बसावं लागतं. पण खेळ सुधारायचाय, कुणाकडे शिकू, असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं. "अरे तो आहे ना अमुक, काय खेळतो यार! त्याला विचार."

माझं मत असं की त्याला विचारू नका. निदान सगळ्यात आधी तरी नको.

हॉलमधला सगळ्यात भारी खेळाडू बहुधा मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथे पडीक असतो. त्याचा हात बसलेला असतो, पण तो कसा बसला हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. कधी सांगायची वेळच आलेली नसते. तुम्ही विचारता, "माझा लांबचा बॉल का जात नाही?" तो तुमच्या हातातला क्यू (खेळायची काठी) घेतो, तोच बॉल खाडकन पॉट करून, म्हणजे पॉकेटात घालून, दाखवतो आणि म्हणतो, "असा मार." असा म्हणजे कसा, हेच तर विचारत होतो ना बाबा!

हे सगळं लिहायचं कारण माझी भाची. बारावीची परीक्षा संपली आणि मैत्रिणींबरोबर एकदा जाऊन आली ती पूलच्या नादालाच लागली. ताईच्या डोळ्यांसमोर पूल म्हटलं की सिगारेटचा धूर आणि कॉलेज बुडवणारी पोरं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी "मामा बरोबर असेल तरच" या अटीवर परवानगी मिळाली. मी सातपूरला टूलरूममध्ये नोकरीला, खेळ आपला बेताचाच. म्हणून तिला शिकवणारं माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. (ताईला वाटलं असेल, चार दिवसांत दोघंही कंटाळतील.)

पहिले जे 'सर' भेटले त्यांनी महिन्याची फी आगाऊ घेतली. पहिल्या दिवशी एका बॉलवरून व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) उडवून दाखवला, दोन कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांवरून, बॉल आणून पॉट केला. पोरगी खूश, मीही खूश. नंतर सर स्टुलावर आणि मोबाइल हातात. ही एकटीच बॉल मारतेय. चुकला की मान वर न करता आवाज यायचा, "फोकस, फोकस." कशावर फोकस ते गुलदस्त्यात. महिना संपेपर्यंत तिला पॉटिंग काही आलं नाही, पण "फोकस" म्हणायची त्यांची ढब हुबेहूब यायला लागली.

दुसरे भेटले ते एक काका. तरुणपणी एका क्लबात मार्कर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिलियर्ड्सच्या जुन्या क्लबांत टेबलाची निगा राखणारा, गुण मांडणारा आणि जोडीदार नसेल तर मेंबरांबरोबर चार डाव खेळणारा माणूस म्हणजे मार्कर. साहेबलोकांचे स्ट्रोक बघण्यात यांची हयात गेलेली. आता एका ओळखीच्या हॉलमध्ये दुपारी बसतात.

काकांनी आधी काही शिकवलंच नाही. "खेळ," म्हणाले, आणि बघत राहिले. कधी तिच्या मागे चार पावलांवर, कधी समोरच्या पॉकेटच्या पलीकडे, कधी खाली वाकून डोळा क्यूच्या रेषेत आणून. बॉल कुठे जातोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिचं कोपर बघत होते, हनुवटी बघत होते, शॉट मारल्यावर ती किती घाईने सरळ होते ते बघत होते. मला उगाच अवघडल्यासारखं झालं, म्हटलं हे बोलणार कधी?

मग त्यांनी पट्ट्याचा एक बॉल उचलला. व्हाइटच्या जागी टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवला, पट्टा बरोब्बर उभा आणि तिच्याकडे तोंड करून. टिपला, म्हणजे क्यूच्या टोकाला, नीट चॉक (निळा खडू) लावून घेतलं. "आता समोरच्या कुशनवर सरळ मार. पॉट काही करायचं नाही."

तिने मारला. बॉल निघाला तो पट्टा लटपटवतच. कुशनवरून परत आला तो मधल्या रेषेवर न येता चांगला वीतभर बाजूला. काकांनी तो उचलून तिच्या हातात दिला. पट्ट्याच्या मधोमध काहीच नाही. निळा ठिपका होता उजवीकडे, जेमतेम अर्ध्या पेरावर. "तुला वाटतंय तू मधे मारतेस," काका म्हणाले, "बॉल काय म्हणतोय बघ."

माझ्या मते शिकवणं म्हणतात ते याला. पोरगी इतके दिवस समजत होती की आपला नेम चुकतो. नेम ठीक होता. टिप उजवीकडे लागली की व्हाइट किंचित डावीकडे ढकलला जातो, वर त्याला नको असलेला स्पिन मिळतो. जवळच्या शॉटला खपून जातं, लांबच्या शॉटला बॉल पॉकेटच्या जबड्यात थरथरून बाहेर येतो. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर लेथचा टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) सरकलेला असला की ऑपरेटर कितीही जपून काम करो, जॉब टेपरच, म्हणजे निमुळताच निघणार.

मग त्यांनी एकच गोष्ट बदलली, तिचं डोकं. ती एका डोळ्याने नेम धरत होती आणि त्यासाठी मान क्यूच्या बाजूला नेत होती. क्यू हनुवटीखालून कुठून गेला की तिला रेषा सरळ दिसते, ते दोघांनी मिळून शोधलं. पायाची जागा दाखवायला काकांनी क्यूच्या मागच्या टोकाने फरशीवर टकटक केलं, "इथे." अंगाला हात लावणं नाही की मागून येऊन हात धरणं नाही. मुलीला शिकायला पाठवणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट आवर्जून बघावी. ज्याला शिकवता येतं त्याला शब्द आणि खडूची एक रेघ पुरते.

कोणी म्हणेल, पूलसारख्या खेळाला शिकवणी कशाला, बघून बघून येतं. धावणं तर बघायचीही गरज नाही, सगळ्यांनाच येतं! तरी सावरपाड्याची कविता राऊत याच शहरात विजेंदर सिंग यांच्याकडे शिकली, तेव्हा कुठे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरचं कांस्य नाशिकला दिसलं. क्यूच्या खेळात तर ही परंपरा आपल्या घरचीच आहे. स्नूकर जन्मलं १८७५ साली जबलपूरच्या छावणीत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात आणि पुन्हा १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले, आणि नंतर शिकवण्यासाठीचा द्रोणाचार्य पुरस्कारही त्यांना मिळाला. पंकज अडवाणीचे किताब मोजायला बसलं तर पोस्ट लांबेल, पण तोही अरविंद सावूर यांच्या हाताखालीच तयार झाला.

म्हणूनच माझा सल्ला असा की नाशकात 'पूल कोच' अशी पाटी शोधत बसू नका, स्नूकर-बिलियर्ड्समधला माणूस शोधा. स्नूकरचं टेबल १२ फुटी, बॉल ५२.५ मिलिमीटरचे, पॉकेटं कंजूष. तिथे स्ट्रोकमधली खोट लपत नाही. पूलच्या ९ फुटी टेबलावर खेळायची जागा १०० बाय ५० इंच आणि पॉकेटं ऐसपैस, त्यामुळे वाकडा हातही वर्षानुवर्षं चालून जातो आणि माणसाला वाटतं, आपल्याला येतं. स्नूकरवाला ती खोट पाच मिनिटांत पकडतो.

पण त्याच्याकडून सगळंच मिळेल अशी आशा धरू नका. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, स्नूकरच्या बॉलपेक्षा जड. स्नूकरच्या बारीक टिपने तो मारला की गणित थोडं बदलतं. ब्रेकचं, म्हणजे डावातल्या पहिल्या शॉटचं, तर काही नातंच नाही. स्नूकरमध्ये ब्रेक म्हणजे हळूच स्पर्श करून व्हाइट परत आपल्या टोकाला आणायचा, पूलमध्ये रॅक, म्हणजे एकत्र मांडलेले बॉल, फोडायचा. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारातले पुश-आउटसारखे (ब्रेकनंतर लगेच, कुठल्याही बॉलला न लावता व्हाइट हलवायची मुभा) नियमही जुन्या स्नूकरवाल्यांच्या गावी नसतात. आमचे काका जंप शॉटला, म्हणजे व्हाइट उडवायला, "सर्कस" म्हणतात आणि शिकवायला साफ नकार देतात. ते आपण व्हिडिओवर बघावं.

व्हिडिओवरून आठवलं. यूट्यूबवर फार उत्तम शिकवणारी माणसं आहेत, मी रोज बघतो. पण त्यांना तुम्ही दिसत नाही, सगळी अडचण तिथे आहे. कोपर शॉटच्या आधीच खाली पडतंय, हे तुमचं तुम्हाला कधीच कळत नाही. त्यापेक्षा मोबाइल टेबलाच्या पलीकडच्या कुशनवर, क्यूच्या रेषेत टेकवा आणि स्लो मोशनमध्ये स्वतःलाच बघा. बघताना लाज वाटते, पण कामाची गोष्ट आहे. हीच क्लिप नव्या मास्तरला दाखवा. तो लगेच "ग्रिप बदल, स्टान्स बदल, ब्रिज बदल" अशी (पकड, उभं राहणं, टेबलावर क्यू टेकवायचा पंजा) यादी वाचायला लागला तर चहा पाजून निरोप द्या. एका वेळी तीन गोष्टी बदलून कुणाचा हात सुधारलेला मी तरी पाहिला नाही.

माणूस पारखायला माझ्याकडे एक प्रश्न आहे. कटचा, म्हणजे बॉल तिरका न्यायचा, एक साधा शॉट मांडायचा आणि विचारायचं, "बॉल गेल्यावर व्हाइट कुठे जाईल?" जाणकार माणूस आधी उलट विचारतो, व्हाइट आदळताना घसरत असेल की गडगडत? फिरकी न घेता घसरत आदळला, तर दोन बॉलच्या वाटांमध्ये काटकोन होतो. नैसर्गिकपणे गडगडत आला आणि बॉल फार जाड किंवा फार पातळ (जवळजवळ समोरून किंवा नुसता कडेला) लागला नाही, तर व्हाइट आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. ही दोन उत्तरं ज्याला टेबलावर मारून दाखवता येतात आणि का ते सोप्या मराठीत सांगता येतं, त्याच्याकडे डोळे झाकून जा. "तो अंदाज येतो हळूहळू" म्हणणाऱ्याला अंदाज आला असेलही, पण तो तुम्हाला कसा देणार?

प्रमाणपत्राचं काही विचारू नका. अमेरिकेत पीबीआयए नावाची संघटना पूलच्या प्रशिक्षकांना मान्यता देते, स्नूकरमध्ये डब्ल्यूपीबीएसए या व्यावसायिक खेळाच्या संघटनेचे प्रशिक्षक असतात. आपल्याकडे गल्लीतल्या हॉलमध्ये तसा कागद घेऊन कुणी बसलेला नसतो. त्यापेक्षा त्याच्याकडे शिकलेल्या दोघांचा खेळ बघा. दोघांचेही स्ट्रोक हुबेहूब मास्तरसारखे असतील तर मला जरा शंका येते. उंची, हाताची लांबी, चष्मा, सगळं वेगळं असताना स्टान्स एकच कसा?

आणखी एक गोष्ट, आणि यावर मित्रांशी माझं भांडण होतं. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे ही आपल्याकडची रीत शिकणाऱ्याचा घात करते. खिशातून पैसे जाणार म्हटल्यावर नवा स्ट्रोक कोण वापरून बघणार? हात आपोआप जुन्या वळणावर जातो. भाचीला मी सांगून टाकलं, शिकतेयस तोवर पैशांची फ्रेम खेळायची नाही. ती खेळते, मला माहीत आहे. पण निदान काकांच्या तासाला तरी एकटीच असते आणि एकच शॉट पुन्हा पुन्हा मांडते. तिथे हरणं-जिंकणं नसतं, म्हणून कंटाळाही येतो. काकांनी त्यावर उपाय काढलाय. व्हाइट जिथे थांबायला हवा तिथे एक वहीचा कागद ठेवतात. कागदावर थांबला की कागद निम्मा दुमडायचा. परवा तो कागद रेल्वेच्या जुन्या तिकिटाएवढा झाला होता आणि पोरगी घरी यायला तयार नव्हती.

पैशांचं म्हणाल तर महिन्याची फी आगाऊ देऊ नका. पहिल्या एका तासाचे द्या आणि हात आखडता घेऊ नका. दुपारची वेळ ठरवा, तेव्हा हॉलमध्ये शांतता असते आणि शेजारच्या टेबलावरून फुकटचे सल्ले येत नाहीत. टेबलाचं भाडं फीमध्येच धरलंय की वेगळं, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. आणि तास संपल्यावर त्याला विचारा, "पुढच्या वेळेपर्यंत मी काय करू?" त्याने एकच शॉट मांडून दिला आणि तो किती वेळा मारायचा हे सांगितलं, तर पुढच्या तासाची वेळ तिथेच घेऊन टाका.