आल्त्रेत्तान्तो

इटलीत, बोलोन्याला लेकीकडे सहा महिने राहायला गेले, तेव्हा भाषेची धास्ती नव्हती. धास्ती बसली लिफ्टमधल्या आजींची.

पुण्यात आमच्या लिफ्टमध्ये माणसं मजल्यांचे आकडे बघत गप्प उभी राहतात. इथे चेहराही न पाहिलेला माणूस ‘बोंज्योर्नो’ म्हणजे शुभदिन म्हणतो, आणि आपण काही बोललो नाही तर शिष्ट ठरतो. बरं, हे पाठ करावं तर दुपारचं जेवण उरकताच, उन्हात डोळे दिपत असताना, तीच मंडळी ‘बोनासेरा’ म्हणजे शुभसंध्या म्हणू लागतात.

त्यापेक्षा ‘च्याव’ सुटसुटीत म्हणून मी तो आजींवर फेकला. लेकीने कोपर मारलं. ते अरे-तुरेतल्या माणसांसाठी! गंमत म्हणजे हा शब्द मूळचा व्हेनिसच्या बोलीतला, अर्थ ‘आपला दास’. आपल्या अर्जातला ‘आपला आज्ञाधारक’ झिजून झिजून ‘काय रे’ व्हावा, तसलं काहीतरी.

मग आदराने ‘कोमे स्ता?’, म्हणजे ‘कशा आहात?’, विचारायला शिकले. आजी म्हणाल्या, ‘‘बेने, ग्रात्सिए. ए लेई?’’ आता ‘लेई’ म्हणजे ‘ती’, एवढं मला येत होतं. ती ऑफिसला गेलीय, असं मी हातवारे करून सांगितलं. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. आदराचं ‘आपण’सुद्धा ‘लेई’च असतं, हे संध्याकाळी कळलं.

शेवटी लेकीने एकच गुटी दिली: ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तान्तो’. धन्यवाद, तुम्हालाही तसंच. सुट्टीच्या शुभेच्छा असोत की नाताळच्या, हे चालतं. मी सुटलेच. वेटरने ‘बोन आपेतीतो’, म्हणजे ‘सावकाश जेवा’सारखं काहीतरी, म्हटलं, त्यालाही ऐकवलं. बिचारा ताटं हातात घेऊन उपाशी उभा होता.

माझ्या भाषावर्गाच्या परीक्षेच्या सकाळी आजी लिफ्टमध्ये भेटल्या. गालाला रुमाल लावलेला. माझ्या हातातली वही पाहून म्हणाल्या, ‘‘इन बोक्का आल लूपो!’’ शब्दशः ‘लांडग्याच्या तोंडात’. परीक्षेला निघालेल्याला इथे असंच म्हणतात. यावर म्हणायचं असतं ‘क्रेपी’, मरो तो लांडगा. आभार मानणं अपशकुनी समजतात.

मी हात जोडून म्हणाले, ‘‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तान्तो!’’

आजी दाताच्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या. रुमाल गालावर आणखी घट्ट दाबत त्या कळवळून म्हणाल्या, ‘‘क्रेपी!’’