एका शब्दात इंग्रजी

अमेरिकेला निघालात? छान. एका बॅगेत 23 किलोच बसतात आणि ते मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरणीतच संपतात. तेव्हा तर्खडकरी इंग्रजी घरीच ठेवा. काळ, वचन, विभक्ती सगळं माळ्यावर टाका आणि सोबत एकच शब्द घ्या: ॲस. तेवढ्यावर जन्म निघतो.

आधी त्याची वंशावळ. शब्दकोशात पाहिलंत तर पहिलं गाढव भेटेल. ते लॅटिनमधल्या 'असिनस'वरून आलेलं, सालस घराण्यातलं. आपल्याला हवा तो दुसरा, ज्याच्यावर आपण बसतो. तो मूळचा 'आर्स', आणि इंग्लंडात अजून तोच चालतो. अमेरिकन बोलीत त्यातला र गळाला, जसा 'हॉर्स'चा 'हॉस' झाला आणि 'कर्स'चा 'कस'. आता गाढव आणि बूड एकाच स्पेलिंगात नांदतात. कोण कुणावर बसलंय, ते वाक्यावरून ओळखायचं.

शिकायला अगदी सोपा. बॅड म्हणजे वाईट, म्हणून बॅड-ॲस म्हणजे ज्याच्या वाटेला कुणी जात नाही असा भारी माणूस. स्मार्ट म्हणजे हुशार, म्हणून स्मार्ट-ॲस म्हणजे दीडशहाणा. डंब-ॲस मात्र सरळ मूर्खच; एखाद्या ठिकाणी तर्क चुकून लागू पडतो, मनावर घेऊ नका. हाफ-ॲस्ड म्हणजे पाट्या टाकून उरकलेलं काम. बिग-ॲस कार म्हणजे भलीमोठी गाडी. तिथे ॲसचा अर्थ एवढाच की बोलणाऱ्याचा जीव दडपलाय. पण तो नामाच्या आधीच बसतो हं. 'द कार इज बिग-ॲस' म्हणालात की ऐकणारा ओळखतो, हे पाहुणे कालच उतरलेत.

'गेट युअर ॲस ओव्हर हिअर' म्हणजे 'तू इकडे ये'. बाकीचं शरीर मागोमाग येतंच. यात हसण्यासारखं काही नाही. 2006 साली 'लिंग्विस्टिक इन्क्वायरी' या नियतकालिकात दोन भाषाशास्त्रज्ञांनी हे सर्वनाम आहे का, याची रीतसर चर्चा केलेली आहे. आपल्याकडे 'स्वतः' आणि 'आपण' यांच्या शेजारी याला बसवून पाहा.

'इंजिनिअर, माय ॲस!' हे तुम्हाला लगेच जमेल, कारण आपण 'इंजिनिअर म्हणे, कपाळ!' म्हणतोच. फक्त कपाळावरून खाली उतरायचं. 'हॉल ॲस' तर आपलंच, ढुंगणाला पाय लावून पळणं. हसून, राबून किंवा शिकागोच्या थंडीत गारठून हा ॲस गळूनही पडतो. आणि ऑफिसात 'सीवायए' मेल आला तर घाबरू नका. कव्हर युअर ॲस, म्हणजे उद्या गळ्याशी आलं तर दाखवायला आज कागद करून ठेवणं. हे ज्ञान तिथल्यांनी आपल्या सरकारी फाइलींतूनच उचललं असावं, असा माझा जुना संशय आहे.

क्रियापदांची मात्र घोकंपट्टी करा. मी केली नव्हती. न्यू जर्सीतला माझा पहिला डेमो संपला आणि साहेब टेबलावर थाप मारून म्हणाला, "मॅन, यू किक्ड ॲस!" मी उभा राहून सॉरी म्हणालो. कुणाला पाय लागला असला तर माफी मागायची, हे आईचं वळण. खोली दोन सेकंद गप्प झाली आणि मग टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर एका सहकाऱ्यानं अर्थ सांगितला, तेव्हा मी हुशार झालो. पुढच्या आठवड्यात शेजारच्या टीमचा एक जण क्लायंटकडून परतला आणि म्हणाला, "वी गॉट अवर ॲस किक्ड." मी त्याचा हात हातात घेऊन जोरात अभिनंदन केलं. सांगायचा मुद्दा, कर्तरी प्रयोग असेल तर पेढे, कर्मणी असेल तर सांत्वन. आणि 'किक' ऐवजी 'किस' ऐकू आलं तर समोरचा लोणी लावण्याबद्दल बोलतोय.

शब्द असभ्य आहे म्हणून कुणी नाक मुरडलं, तर थेट व्हाइट हाउसचा दाखला द्या. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवणारे सज्जन गृहस्थ. 1979 साली त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या सदस्यांसमोर सांगितलं की, आमच्याच पक्षाचे टेड केनेडी माझ्याविरुद्ध उभे राहिले तर मी त्यांचा ॲस फोडून काढीन. 1984 मध्ये उपाध्यक्ष बुश यांनी त्या पदाच्या विरोधी उमेदवार जेराल्डिन फेरारोंशी झालेल्या वादसभेचा निकाल याच शब्दात लावला. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं, तेव्हा ओबामा टीव्हीवर म्हणाले, कुणाचा ॲस लाथाडायचा ते कळावं म्हणून मी तज्ज्ञांशी बोलतोय. कार्टरांनी शब्द पाळलाही. 1980 मध्ये पक्षांतर्गत लढतीत केनेडी हरले. नोव्हेंबरात रेगन आले आणि कार्टरांचा कर्मणी प्रयोग झाला. कार्टरांच्या या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह गाढव. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं 1870 मध्ये ते 'हार्पर्स वीकली'त काढलं आणि पुढे पक्षाला चिकटलं. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली.

राहता राहिला बायोडेटा. तो पाठवण्याआधी आमच्या आतेभावाचं व्हिजिटिंग कार्ड आठवा. 'असिस्टंट मॅनेजर' मावत नव्हतं, म्हणून छापणाऱ्यानं 'ॲस. मॅनेजर' केलं, पूर्णविरामासकट. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, निदान एक टी तरी घाल रे पुढे."

"कशाला?" तो म्हणाला. "बारा वर्षं हेच कार्ड वाटतोय. ऑफिसात सगळ्यांना माहितीये मी कोण आहे ते."