दादांची सही आणि आजीची तुळस

आज दुपारी चार वाजल्यापासून माझे डोके तापलेले आहे. घरी येऊन दोन वेळा चहा घेतला, देवाजवळ दिवा लावला, नातवाला गोष्टही सांगितली, तरी ते शांत होत नाही. म्हणून लिहायला बसले.

निवृत्त झाल्यापासून एका वित्तसंस्थेच्या मुलाखत मंडळावर मला अधूनमधून बाहेरची सदस्य म्हणून बोलावतात. संस्थेचे नाव सांगत नाही, विचारूही नका. आज काउंटरवरील लिपिकाच्या एका जागेसाठी सात उमेदवार आले होते. प्रत्येकाला मी एकच छोटी परीक्षा दिली: एका दिवसाची रोजकीर्द, म्हणजे त्या दिवसाच्या जमाखर्चाच्या नोंदी, आणि तिची न जुळणारी तेरीज, म्हणजे बेरजांचा गोषवारा. चूक कुठे आहे ते शोधायचे होते. पाच जण वरपासून खालपर्यंत बेरजा करत राहिले, सहाव्याने कॅल्क्युलेटर मागितला. सातवी एक मुलगी होती, बी.कॉम. आणि जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व हिशेबाची पदविका झालेली. तिने कागदाकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, फरक ५४० चा आहे. याला नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल." पुढच्या दोन मिनिटांत तिने ७,२८० च्या जागी लिहिलेले ७,८२० शोधून त्यावर पेन्सिलीने गोल केला. एकतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला अशा वेळी किती आनंद होतो, हे ज्यांनी महिनाअखेरीस रात्री नऊपर्यंत बसून तेरजा जुळवल्या आहेत त्यांनाच कळेल.

कागद परत देताना तिची बाही वर सरकली आणि डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेली एक सही दिसली. अध्यक्षांनी विचारले, "हे काय आहे?" ती म्हणाली, "दादांची, माझ्या वडिलांची सही आहे, सर. तीन वर्षांपूर्वी गेले ते. त्यांच्या एका जुन्या चेकवरून उतरवून घेतली." कानाच्या वरच्या कडेला तिने दोन बारीक कड्याही घातल्या होत्या.

ती बाहेर गेली आणि दार लागायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण काउंटरला चालणार नाही. खातेदार काय म्हणतील?"

खातेदार काय म्हणतील, हे मी त्यांना सांगू शकले असते, कारण या बाबतीतला माझ्या आयुष्यातला पहिला खातेदार माझी आजी होती.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे, आणि त्या कामाने तिच्या अंगठ्यांच्या रेषा जवळजवळ पुसून गेल्या होत्या. १९७४ साली म्हैस विकून आलेले चारशे रुपये घरात ठेवायला नकोत, म्हणून ती तालुक्याच्या बँकेत खाते उघडायला गेली. मी दहा वर्षांची होते आणि मला चौथीपर्यंतचे वाचता येत होते, एवढ्याच पात्रतेवर तिने मला बरोबर नेले. अंगठा उमटवला तर नुसता निळा डाग आला. दुसऱ्यांदा उमटवला तरी तेच. मग त्या कारकुनाने, देव त्याचे भले करो, शांतपणे विचारले, "आजी, अंगावर काही ओळखीची खूण आहे का?" आजीने बांगड्या मागे सारल्या आणि हात त्याच्यापुढे धरला. उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन, त्याच्या बाजूला दोन ठिपके. त्याने कार्डावर लिहिले: "उजव्या मनगटावर तुळस गोंदलेली, कपाळावर चंद्रकोर." हे मी त्या उंच काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून अक्षर लावत वाचले होते, म्हणून ते शब्द मला अजून तोंडपाठ आहेत.

नंतर दोनेक वर्षांनी ती पैसे काढायला गेली तेव्हा कारकून बदललेला होता. अंगठा पुन्हा पुसट आला आणि नवा माणूस पैसे देईना. त्याने कार्ड काढले, वाचले, आणि म्हणाला, "हात दाखवा." आजीने हात दाखवला आणि पैसे मिळाले. म्हणजे ज्या धंद्याचा सगळा डोलारा विश्वासावर उभा आहे असे आम्ही प्रत्येक वार्षिक सभेत सांगत असतो, त्या धंद्याने माझ्या आजीवर विश्वास ठेवला तो तिच्या गोंदणामुळे. आणि आज त्याच धंद्यातला एक माणूस मला सांगतो की हात गोंदलेली मुलगी विश्वासार्ह वाटत नाही.

पुढे मी स्वतः बँकेत लागले तेव्हा अंगठेबहाद्दर खातेदारांच्या कार्डांवर ओळखखुणा लिहायचे काम माझ्याकडेच होते. हनुवटीवर तीन ठिपके, दंडावर विंचू, हातावर नवऱ्याचे नाव, असे किती हात मी पाहिले आणि किती कार्डांवर लिहिले, त्याची गणती नाही. त्यातली एकही बाई मला कधी उथळ, बेजबाबदार किंवा 'तसली' वाटली नाही. अध्यक्षांच्या सभ्य भाषेमागे लपलेला शब्द हाच होता, 'तसली', आणि तो आम्हा सर्वांना स्वच्छ ऐकू आला.

आणि त्या कानातल्या कड्यांबद्दल तर मी बोलूच नये. कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून घालायच्या दागिन्याला आपल्याकडे बुगडी म्हणतात, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती मिरवली. मंडळावरच्या दुसऱ्या बाईंच्या नाकात चमकी होती आणि त्या मान हलवून अध्यक्षांना दुजोरा देत होत्या. आपल्याकडे मुलगा असो वा मुलगी, पाळण्यातल्या बाळाला सोनाराकडे नेऊन त्याचे कान टोचतात, ते रडते आणि आपण पेढे वाटतो. पुरुषांच्या उजव्या कानात वर भिकबाळी असायची, नाना फडणवीसांच्या चित्रांत ती सगळ्यांनी पाहिली आहे, आणि आता ढोल-ताशा पथकांच्या कृपेने ती पुन्हा आली आहे. संध्याकाळी मी मुद्दाम अध्यक्षांचा व्हॉट्सॲपवरचा फोटो उघडून पाहिला. गणपतीच्या मिरवणुकीतला होता. डोक्याला फेटा, कपाळाला गंध आणि कानात मोत्यांची भिकबाळी. मी मोबाईल पालथा घालून ठेवला.

म्हणजे टोचण्याला यांची हरकत नाहीच, हरकत आहे ती कोण टोचून घेते याला. स्वतःच्या कानात ती परंपरा असते आणि नोकरी मागायला आलेल्या पोरीच्या कानात ते थेर होतात. मोठ्या माणसाच्या अंगावर तेच असले तर कौतुक होते. विराट कोहलीचे दोन्ही हात गोंदलेले आहेत, त्यांत आईवडिलांची नावेही आहेत, प्रेम आणि सरोज, तीही देवनागरीत. त्याच्या वडिलांना जाऊन कितीतरी वर्षे झाली. याच कोहलीला २०१६ साली पंजाब नॅशनल बँकेने आपला सदिच्छादूत केले. त्या बँकेचे खातेदार काय म्हणाले? खाती बंद करून गेले का? फलकावर गोंदलेला हात चालतो, मग फलकाखाली बसून नोटा मोजणारा का चालू नये?

अध्यक्षांचे पुढचे वाक्य होते, "मॅडम, सैन्यातसुद्धा घेत नाहीत." हे तर धादांत अर्धवट आहे. सैन्याचा नियम असा आहे की कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या पाठीमागे गोंदलेले चालते, आणि आदिवासी उमेदवारांच्या बाबतीत त्यांच्या रूढीप्रमाणे अंगावर असलेल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, मात्र डाव्या हातावर, कारण उजवा हात सलाम करण्याचा. आणि तेही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवे. सोलापूरकडच्या एका तरुणाला हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे सीआयएसएफने, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने, नाकारले होते, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. या मुलीची सही डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला होती. ती सैन्यात चालली असती आणि आमच्या काउंटरवर चालली नाही. सीमेपेक्षा आमचे काउंटर फार नाजूक असावे.

भरतीची तयारी करणारी कितीतरी मुले हल्ली लेझरने गोंदण पुसून घेतात. पैसे जातात, आग होते, आणि पुष्कळदा जागेवर पांढुरका व्रण राहतो. मग निवड झाल्यावर सेवापुस्तक उघडले की पहिल्याच पानावर ओळखखुणेचा रकाना येतो, आणि त्यात कारकून लिहितो: "हातावर व्रण." हसावे की रडावे, मला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल की हातावर जातिवाचक शिवी किंवा घाणेरडे चित्र असले तर काय. तर तिथे मी नाही म्हणेन, त्यात वाद नाही. स्वयंपाकघरात किंवा चालत्या यंत्रापाशी लोंबती कडी काढून ठेवावीत, हेही मान्य. आणि हो, खाजगी मालकाला आपल्या मनासारखा माणूस निवडण्याचा अधिकार आहे, कायदा त्याला इथे अडवत नाही. पण अधिकार आहे म्हणून अक्कल गहाण टाकावी असे थोडेच आहे? आपल्यापैकी कोणाला हे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही.

हे सगळे लिहिता लिहिता माझा राग जरा उतरला आहे, आणि तो उतरल्यावर खाली जे दिसते आहे ते फारसे बरे नाही. माझ्या धाकट्याने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी दंडावर एक गरुड काढून घेतला होता. तेव्हा मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही, आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "निदान मुलाखतीला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जा." तो भर मे महिन्यात पूर्ण बाह्या घालून गेला. नोकरी लागली, आणि मीच शेजारी सांगत सुटले की माझ्या सल्ल्याने लागली. आज त्या मुलीची बाही वर सरकली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आले असेल? 'अगं, झाकून यायचे नाही का?' हेच आले. अध्यक्षांनी तोंड उघडण्याच्या आधी आले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक असलाच, तर तो एका वाक्याचा.

आजीला कोणी झाकायला सांगितले असते तर तिने त्याला वेड्यात काढले असते. तिला कोणी विचारले की एवढ्या सुया कशाला टोचून घेतल्या, तर ती म्हणायची, "सोनं चोर न्हेतील, लुगडं कसर खाईल, ह्ये तेवढं माझ्यासंगं वर येनार हाय." गोंदणारी बाई गावात आली तेव्हा आजी आठ-नऊ वर्षांची होती. चौघींनी तिला धरून ठेवले होते आणि ती बोंब मारून रडली होती. मोबदल्यात त्या बाईला दोन शेर ज्वारी मिळाली. तुळशीच्या एका फांदीचा टोकाचा ठिपका राहून गेला, कारण आजी हात सोडवून पळाली. तो राहिलेला ठिपका ती शेवटपर्यंत दाखवायची आणि हसायची. ती गेली तेव्हा अंगावरचे किडुकमिडुक सोने आम्ही काढून घेतले, रीत म्हणून, आणि हात तसाच राहिला.

त्या मुलीने वडिलांची सही हातावर का घेतली, हे तिला मंडळावर कोणीच विचारले नाही. मी विचारायला हवे होते. तीस वर्षे मी सह्या पडताळल्या. नमुना सहीचे कार्ड डाव्या हाताला, चेक उजव्या हाताला, आणि मान इकडून तिकडे. माणूस वारला की खाते बंद होते आणि ते कार्डही फायलीत जाते, पुन्हा कोणी पाहत नाही. या पोरीने ते कार्ड स्वतःच्या हातावर ठेवले आहे, एवढेच.

आता शेवटचे, जे सांगायचे नव्हते. गुणपत्रकावर मी तिला सर्वांत जास्त गुण दिले, अध्यक्षांशी पंधरा मिनिटे वाद घातला, माझा आवाज चढला, शिपाई दारातून डोकावून गेला. त्यानंतर चहा आला. कोणीतरी म्हणाले, मॅडम, बाकीचे सर्व एकमताने आहे, कशाला वाढवता. माझी साडेपाचची बस होती. शिफारशीच्या कागदावर दुसऱ्याच उमेदवाराचे नाव लिहिलेले होते आणि त्याखाली पाच सह्यांच्या जागा होत्या. चार झालेल्या होत्या. पाचवी मी केली.

तो कागद अजून संचालक मंडळापुढे गेलेला नाही, बैठक बुधवारी आहे. सोमवारी दहा वाजता मी तिथे जाणार आहे आणि माझ्या सहीखाली 'असहमत' असे लिहून, कारणे जोडून देणार आहे. कागद हातात देतील की नाही, सांगता येत नाही.